संकेतातच दडलेले घड्याळ: रिमोटची मँचेस्टर भाषा तीन आयसींनी कशी वाचावी

एकाच तारेवरून माहिती पाठवायची म्हटली की पहिली अडचण वेळेची येते. तारेवर पाच व्होल्ट दिसत आहेत एवढे कळून भागत नाही. तो एकच '१' आहे की लागोपाठ आलेले तीन '१' आहेत, हे ठरवायचे तर प्रत्येक बिट किती वेळ टिकते आणि ते कोणत्या क्षणी सुरू झाले, हे वाचणाऱ्याला ठाऊक असावे लागते. यावर सरळ उपाय म्हणजे घड्याळासाठी दुसरी तार टाकणे. एसपीआय आणि आयटूसी या पद्धतींत तसेच केलेले असते. दुसरा उपाय म्हणजे दोन्ही बाजूंनी वेग आधीच ठरवून घेणे आणि दर आठ बिटांमागे एकदा 'आता सुरू' अशी खूण करणे, जे युआर्टमध्ये चालते. तिसऱ्या प्रकारात घड्याळ संकेतातच मिसळलेले असते, आणि हा लेख त्या तिसऱ्या प्रकाराविषयी आहे.

उदाहरणासाठी मी टीव्हीच्या रिमोटची आरसी-५ पद्धत निवडली आहे. तिचा वेग इतका कमी आहे की साध्या ब्रेडबोर्डवर, ऑसिलोस्कोप नसतानाही, ती वाचता येते. शिवाय तिचे नियम थोडे आणि स्पष्ट आहेत. आपण ती आधी प्रोग्रामविना, केवळ तीन आयसींनी वाचणार आहोत आणि मग तेच काम आर्डुइनो या प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या बोर्डाकडून करून घेणार आहोत. हा क्रम मुद्दाम ठेवला आहे, कारण आयसींची जोडणी हाताने केलेल्या माणसाला प्रोग्रामातील प्रत्येक ओळ कशासाठी आहे हे आपोआप कळते, आणि तयार लायब्ररीपासून सुरुवात करणाऱ्याला ती बिघडल्यावर कुठे हात घालावा तेच समजत नाही.

मँचेस्टर संकेत म्हणजे काय

या संकेताचे नाव मँचेस्टर विद्यापीठावरून पडले. तेथील मार्क १ संगणकाच्या चुंबकीय ड्रमवर माहिती साठवण्यासाठी १९४० च्या दशकाच्या अखेरीस तो वापरला गेला. पुढे १० मेगाबिट वेगाच्या इथरनेटनेही तोच स्वीकारला.

यातील मुख्य नियम एकच आहे: प्रत्येक बिटाच्या बरोबर मध्यावर पातळी बदललीच पाहिजे. बिटाचे दोन समान भाग पाडायचे. एका भागात पातळी खाली आणि दुसऱ्या भागात वर. खालून वर गेली तर एक अर्थ, वरून खाली आली तर दुसरा अर्थ. पातळी बदलण्याच्या या क्षणाला आपण पुढे 'कड' म्हणू. वर जाणारी ती चढती कड आणि खाली येणारी ती उतरती कड. कोणत्या कडेला '१' म्हणायचे याचे दोन परस्परविरुद्ध संकेत प्रचलित आहेत आणि दोन्ही मँचेस्टर याच नावाने ओळखले जातात, त्यामुळे पुस्तकातील आकृती आपल्या संकेताशी उलटी जुळली तर गोंधळून जाऊ नये.

मध्यावरची कड सक्तीची असल्यामुळे एक आनुषंगिक गोष्ट घडते. लागोपाठ दोन '१' आले तर पहिल्याच्या शेवटी असलेली पातळी दुसऱ्याच्या सुरुवातीला हव्या असलेल्या पातळीच्या उलट असते, म्हणून दोन बिटांच्या सीमेवरही एक कड घ्यावी लागते. ही सीमेवरची कड निव्वळ तयारीची असते आणि तिच्यात माहिती नसते. '१' नंतर '०' आला तर ती लागतच नाही. म्हणजे तारेवर दोनच प्रकारची अंतरे दिसतात: अर्ध्या बिटाचे आखूड अंतर आणि पूर्ण बिटाचे लांब अंतर. मध्यावरची कड कोणती आणि सीमेवरची कोणती हे ओळखता आले की संकेत वाचून झालाच. बाकी सगळी जोडणी याच एका प्रश्नासाठी आहे.

आरसी-५ चे नियम

ही पद्धत फिलिप्स कंपनीने १९८० च्या दशकात आपल्या उपकरणांसाठी आणली आणि पुढे इतर उत्पादकांनीही ती घेतली. रिमोटचा अवरक्त एलईडी ३६ किलोहर्ट्झने लुकलुकतो. अशा ३२ लुकलुकींचा गट म्हणजे अर्धे बिट, म्हणजे ३२ भागिले ३६,००० सेकंद, सुमारे ८८९ मायक्रोसेकंद. पूर्ण बिट १.७७८ मिलिसेकंदांचे होते. एका संदेशात १४ बिट असतात, म्हणून संपूर्ण संदेश सुमारे २४.९ मिलिसेकंदांत संपतो. बटण दाबून ठेवले तर तो दर ११४ मिलिसेकंदांनी पुन्हा येतो.

चौदा बिटांची वाटणी अशी: आधी दोन आरंभ बिट, दोन्ही '१', मग एक पालट बिट, जे प्रत्येक नव्या दाबाला उलटते, मग उपकरणाचा पाच बिटांचा पत्ता, आणि शेवटी सहा बिटांची आज्ञा. पत्ता आणि आज्ञा यांतील सर्वांत मोठ्या किमतीचे बिट आधी येते. टीव्हीचा पत्ता ० आहे. अंकांच्या बटणांची आज्ञा म्हणजे तो तो अंकच. बंद-चालू १२, आवाज बंद १३, आवाज वाढवणे १६ आणि कमी करणे १७. पुढे ६४ आज्ञा अपुऱ्या पडू लागल्या तेव्हा दुसऱ्या आरंभ बिटाचा उपयोग, उलटा करून, सातव्या आज्ञा बिटासाठी होऊ लागला. आपल्याला सध्या त्याची गरज नाही.

'१' असेल तर बिटाचा पहिला अर्धा भाग अंधाराचा आणि दुसरा प्रकाशाचा असतो; '०' असेल तर उलट. पालट बिट '०' असताना ५ चे बटण दाबले तर १ १ ० ० ० ० ० ० ० ० ० १ ० १ असा संदेश निघतो. पुढे जाण्याआधी चौकटीच्या वहीत अर्ध्या बिटाला एक चौकट धरून हा संकेत स्वतः काढावा. त्यात पूर्ण बिटाची लांब अंतरे नेमकी चार येतात, आणि ती प्रत्येक वेळी बिट बदलते तिथेच येतात. ही आकृती हाताने एकदा काढली की पुढची निम्मी शंका मिटते.

आपला रिमोट आरसी-५ चा आहे का

जुन्या फिलिप्स टीव्हीचा रिमोट हाताशी असेल तर उत्तम. नसेल तर बाजारात मिळणारा कोणताही युनिव्हर्सल रिमोट फिलिप्सच्या टीव्हीसाठी सेट करून पाहावा. पुष्कळ रिमोट एनईसी पद्धतीचे असतात. त्यांचा संदेश ९ मिलिसेकंदांचा सलग प्रकाश आणि मग साडेचार मिलिसेकंदांची विश्रांती असा सुरू होतो आणि तो मँचेस्टर संकेत नव्हेच, त्यामुळे खालील जोडणीवर तो निरर्थक दिसेल. काहीच न मिळाल्यास दुसऱ्या आर्डुइनोवर आयआररिमोट ही लायब्ररी बसवून, अवरक्त एलईडी लावून, आरसी-५ संदेश पाठवता येतो.

रिमोट प्रकाश सोडतो की नाही हे मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहता येते. मागच्या कॅमेऱ्याला बहुधा अवरक्त गाळणी असते, म्हणून सेल्फीचा कॅमेरा वापरून पाहावा.

लागणारे सामान

अवरक्त ग्राहक म्हणून टीएसओपी१७३६ मिळाल्यास घ्यावा. दुकानात टीएसओपी१७३८ अधिक सहज मिळतो आणि तो ३८ किलोहर्ट्झचा असला तरी खोलीभर अंतरावर चालून जातो. त्याच्याबरोबर ७४एचसी८६ (चार एक्सॉर गेट), ५५५ टायमर आणि ७४एचसी१६४ (आठ बिटांचा शिफ्ट रजिस्टर, म्हणजे दर इशाऱ्याला एक नवे बिट आत घेऊन आधीची बिटे एकेक घर पुढे सरकवणारा) अशा तीन आयसी लागतील. रेझिस्टरांत १२ किलोओहमचा एक, १० किलोओहमचा एक, १ किलोओहमचे नऊ आणि १०० ओहमचा एक. कपॅसिटरांत १०० नॅनोफॅरडचे चार, १० नॅनोफॅरडचा एक, १ नॅनोफॅरडचा एक आणि ४.७ मायक्रोफॅरडचा एक. आणि आठ लाल एलईडी. पाच व्होल्टसाठी मोबाइलचा चार्जर पुरतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत हे सारे एका फेरीत मिळते.

दोन गोष्टींत मात्र काटकसर करू नये. ५५५ शक्यतो सीमॉस प्रकारचा, म्हणजे ७५५५ किंवा टीएलसी५५५, घ्यावा. साध्या एनई५५५ चे आउटपुट पाच व्होल्टच्या पुरवठ्यावर पूर्ण पाचपर्यंत चढत नाही, आणि ७४एचसी मालिकेच्या आयसीला वरची पातळी म्हणून साडेतीन व्होल्ट तरी हवे असतात. साधा ५५५ च वापरायचा असेल तर त्याच्या ३ क्रमांकाच्या पिनेपासून पाच व्होल्टपर्यंत १ किलोओहमचा रेझिस्टर लावावा. सामानातला नववा रेझिस्टर त्यासाठीच आहे. दुसरे म्हणजे ५५५ चा वेळ ठरवणारा १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर पॉलिएस्टरचा असावा. '१०४' असे छापलेली स्वस्त सिरॅमिक डिस्क आपल्या छापील किमतीशी फारशी इमान राखत नाही. पुरवठ्यावरचा खडखडाट शोषायला ती चालेल, वेळ मोजायला नाही.

जोडणीमागचा विचार

आरसी-५ चा पहिला आरंभ बिट '१' का ठेवला असावा हे समजले की सगळी जोडणी समजते. रिमोट शांत असताना अंधार असतो. '१' चा पहिला अर्धा भागही अंधाराचाच, म्हणून तो शांततेत मिसळून जातो आणि वाचणाऱ्याला दिसतच नाही. जी पहिली कड दिसते ती पहिल्या बिटाच्या मध्यावरचीच असते. म्हणजे मध्य कोणता हा प्रश्न पहिल्या क्षणीच सुटलेला असतो; तो शेवटपर्यंत हातातून निसटू द्यायचा नाही एवढेच आपले काम उरते.

त्यासाठी युक्ती अशी: मध्यावरची कड दिसली की पाऊण बिटापुरते, म्हणजे १.३३ मिलिसेकंद, डोळे मिटून घ्यायचे. सीमेवरची कड आली तर ती अर्ध्या बिटानंतर, म्हणजे ०.८८९ मिलिसेकंदांनी येते. तेव्हा आपले डोळे मिटलेले असतात, म्हणून ती आपोआप दुर्लक्षित होते. डोळे उघडतात तेव्हा आपण पुढच्या बिटाच्या पहिल्या अर्ध्या भागात, जवळजवळ त्याच्या मधोमध असतो. त्याच क्षणी पातळी पाहायची, कारण तीच त्या बिटाची किंमत सांगते. त्यानंतर जी पहिली कड येईल ती मध्यावरचीच असणार, आणि तिथून पुन्हा पाऊण बिट मोजायला शून्यापासून सुरुवात होते.

'पुन्हा शून्यापासून' या शब्दांत या पद्धतीचे सारे बळ आहे. नवखे लोक बहुधा पहिली कड पकडतात आणि तिथून १.७७८ मिलिसेकंदांच्या ठराविक पावलांनी चौदा वेळा पातळी पाहतात. रिमोटचे घड्याळ अचूक असेल तर ते चालते. आरसी-५ चे मूळ रिमोट ४३२ किलोहर्ट्झच्या सिरॅमिक रेझोनेटरवर चालतात आणि त्याला १२ ने भागले की ३६ मिळतात. त्या जागी ४५५ किलोहर्ट्झचा रेझोनेटर बसला, तर प्रत्येक बिट ५ टक्क्यांनी आखूड होऊन १.६८८ मिलिसेकंदांवर येईल, आणि ठराविक पावलांनी चालणारा वाचक तेराव्या बिटापर्यंत अर्ध्या बिटाहून अधिक चुकलेला असेल. पाऊण बिटाच्या युक्तीत ही चूक साठत नाही, कारण प्रत्येक बिट आपले घड्याळ नव्याने लावून देते. आपला पाऊण बिट ०.८८९ आणि १.७७८ यांच्यामध्ये कुठेही असला तरी तत्त्वतः चालतो.

प्रत्यक्षात एवढी मोकळीक मिळत नाही. टीएसओपी ग्राहक आपल्या आउटपुटचा स्पंद वाहक लहरीच्या, म्हणजे एलईडीच्या त्या वेगवान लुकलुकीच्या, पाच-सहा आवर्तनांइतका लांब किंवा आखूड करू शकतो. ३६ किलोहर्ट्झला एक आवर्तन सुमारे २८ मायक्रोसेकंदांचे, म्हणजे कड सुमारे १७० मायक्रोसेकंदांपर्यंत सरकू शकते. सीमेवरची कड १.०६ मिलिसेकंदांपर्यंत उशिरा आणि मध्यावरची १.६ इतकी लवकर येऊ शकते असे धरून चालावे. १.३३ या दोन्हींच्या मधोमध बसते.

जोडणी, पायरीपायरीने

पहिली पायरी ग्राहकाची. टीएसओपी१७३८ घुमटाची बाजू आपल्याकडे करून धरला तर पिना क्रमाने जमीन (ग्राउंड), पुरवठा आणि आउटपुट अशा असतात. व्हीएस१८३८ आणि टीएसओपी३८२३८ यांच्यात मात्र क्रम वेगळा, पहिली पिन आउटपुटची. दिसायला दोन्ही सारखेच, आणि मी स्वतः एक ग्राहक उलटा पुरवठा देऊन जाळला आहे, तेव्हा आयसीवरचा क्रमांक वाचल्याशिवाय पुरवठा जोडू नये. पुरवठ्याच्या वाटेत १०० ओहम घालून पुरवठ्याची पिन आणि जमीन यांच्यामध्ये ४.७ मायक्रोफॅरड लावावा. ग्राहकाचे आउटपुट उलटे असते हे लक्षात ठेवावे: शांत असताना वर, प्रकाश दिसताच खाली. हा उलटेपणा आपल्या सोयीचाच ठरतो, कारण '१' च्या पहिल्या, अंधाराच्या भागात ग्राहकाची पातळी वर असते, म्हणजे डोळे उघडण्याच्या क्षणी जी पातळी दिसेल तीच बिटाची किंमत.

दुसरी पायरी ७४एचसी८६ ची. एक्सॉर गेटच्या दोन इनपुट भिन्न असतील तेव्हाच त्याचे आउटपुट वर जाते, म्हणून त्याची एक इनपुट जमिनीला बांधली तर दुसरीवरचा संकेत जसाच्या तसा पुढे जातो, आणि पाच व्होल्टला बांधली तर उलटून जातो. एकाच आयसीतून बफर आणि इन्व्हर्टर दोन्ही मिळवण्याचा हा जुना मार्ग आहे. ग्राहकाचे आउटपुट पिन १ ला, पिन २ जमिनीला. पिन ३ वर बळकट झालेला संकेत मिळतो. तो पिन ४ ला थेट आणि पिन ५ ला १० किलोओहममधून द्यावा, आणि पिन ५ पासून जमिनीपर्यंत १ नॅनोफॅरड लावावा. आता पिन ५ वरचा संकेत काही मायक्रोसेकंद मागे राहतो; तेवढ्या वेळापुरत्या दोन्ही इनपुट भिन्न असतात आणि पिन ६ वर प्रत्येक कडेला, चढती असो वा उतरती, एक बारीक स्पंद निघतो. पिन ६ पिन ९ ला आणि पिन १० पाच व्होल्टला जोडून पिन ८ वर त्याचा उलटा स्पंद घ्यावा, कारण ५५५ ला खाली जाणारा इशारा लागतो. पिन १४ पाच व्होल्ट, पिन ७ जमीन.

जाणकार इथे हरकत घेतील की १० किलोओहममधून हळू चढणारा संकेत साध्या ७४एचसी८६ ला देणे नियमाला धरून नाही आणि एका कडेला दोन-तीन स्पंद निघू शकतात. हरकत बरोबर आहे, पण पहिल्याच स्पंदाने ५५५ सुरू होतो आणि पुढचे स्पंद त्याच्या मिटलेल्या डोळ्यांवर पडतात.

तिसरी पायरी ५५५ ची. पिन ८ आणि पिन ४ पाच व्होल्टला, पिन १ जमिनीला, पिन २ ला ७४एचसी८६ ची पिन ८. पिन ६ आणि ७ एकत्र जोडून तिथून पाच व्होल्टपर्यंत १२ किलोओहम आणि जमिनीपर्यंत १०० नॅनोफॅरडचा पॉलिएस्टर कपॅसिटर. पिन ५ पासून जमिनीपर्यंत १० नॅनोफॅरड. स्पंदाची लांबी १.१ गुणिले रोध गुणिले धारिता, म्हणजे १.३२ मिलिसेकंद, हव्या त्या आकड्याला रेझिस्टरची बाजारातली किंमत इतकी नेमकी जुळणे हे नेहमी घडत नाही. स्पंद चालू असताना आलेला नवा इशारा ५५५ मानत नाही, आणि आपल्याला हाच गुण हवा आहे. याउलट ७४एचसी१२३ सारख्या आयसी प्रत्येक नव्या इशाऱ्याला वेळ पुन्हा सुरू करतात, त्या इथे थेट चालत नाहीत.

चौथी पायरी शिफ्ट रजिस्टरची. ५५५ चा स्पंद संपण्याचा क्षण आपल्याला हवा आहे आणि ७४एचसी१६४ चढत्या कडेला माहिती आत घेतो, म्हणून ५५५ ची पिन ३ ही ७४एचसी८६ च्या पिन १२ ला, पिन १३ पाच व्होल्टला आणि पिन ११ वरचा उलटा संकेत ७४एचसी१६४ च्या पिन ८ ला जोडावा. त्याच्या पिन १ आणि २ एकत्र करून त्यांना ७४एचसी८६ ची पिन ३, म्हणजे मूळ संकेत द्यावा. पिन ९ आणि १४ पाच व्होल्टला, पिन ७ जमिनीला. पिन ३, ४, ५, ६, १०, ११, १२ आणि १३ या आठ आउटपुटना प्रत्येकी १ किलोओहममधून एलईडी लावावेत, आणि तिन्ही आयसींच्या पुरवठ्याच्या पिनांशेजारी एकेक १०० नॅनोफॅरड.

वाचन

संदेशात मध्यावरच्या चौदा कडा असतात, म्हणून चौदा वेळा माहिती आत सरकते. पहिला आरंभ बिट घड्याळ लावण्यात खर्च झालेला असतो. नोंद होते ती दुसऱ्यापासून चौदाव्या बिटापर्यंतची, आणि सर्वांत शेवटी संदेश संपल्यानंतरच्या शांततेची, जी '१' म्हणून दिसते. त्यामुळे संदेशानंतर पिन ३ चा एलईडी नेहमीच पेटलेला राहील. त्याच्याकडे दुर्लक्ष करावे. पिन ४, ५, ६, १०, ११ आणि १२ वर आज्ञेचे सहा बिट, १, २, ४, ८, १६ आणि ३२ या किमतींच्या क्रमाने दिसतात. पिन १३ वर पत्त्याचे सर्वांत लहान बिट.

आता रिमोटवर १, २, ३ अशी बटणे क्रमाने दाबावीत. एलईडी द्विमान पद्धतीने मोजत गेले तर जोडणीही बरोबर आणि रिमोटही आरसी-५ चा. ५ दाबल्यावर पिन ४ आणि ६ चे एलईडी पेटतील. आवाज वाढवण्याच्या बटणाला फक्त पिन ११ चा. सरकण्याचे काम पंचवीस मिलिसेकंदांत उरकत असल्याने डोळ्याला ते जाणवत नाही.

पूर्ण पत्ता आणि पालट बिट पाहायचे असेल तर दुसरा ७४एचसी१६४ घ्यावा, पहिल्याची पिन १३ त्याच्या पिन १ आणि २ ला द्यावी आणि घड्याळाची पिन सामाईक ठेवावी. मग दुसऱ्याच्या पिन ३ ते ६ वर पत्त्याचे उरलेले चार बिट आणि पिन १० वर पालट बिट दिसेल. बटण दाबून ठेवले तर ते स्थिर राहते आणि सोडून पुन्हा दाबले की उलटते. टीव्हीला '११' हा वाहिनी क्रमांक आणि जरा जास्त वेळ दाबला गेलेला '१' यांतला फरक त्यावरूनच कळतो.

बिघाड शोधताना

रिमोट हातातही नसताना एलईडी बदलत असतील तर बहुधा जोडणीचा दोष नसतो. इलेक्ट्रॉनिक चोक असलेल्या ट्यूबलाइटचा आणि सीएफएलचा प्रकाश याच वारंवारतेच्या आसपास थरथरतो आणि ग्राहक अधूनमधून फसतो. दिवा बंद करून पाहावे, किंवा ग्राहकाभोवती काळ्या कागदाची नळी करावी.

एलईडी पेटतात पण मोजणी जुळत नाही, असे झाले तर ५५५ ची वेळ तपासावी. ती फार आखूड असेल तर सीमेवरच्या कडाही मोजल्या जाऊन बिट वाढतात. फार लांब असेल तर मध्यावरच्या कडा हुकून बिट गळतात. ऑसिलोस्कोप नसल्यास आर्डुइनोच्या पल्सइन या फंक्शनने स्पंदाची लांबी थेट मायक्रोसेकंदांत मोजता येते. स्वस्तातला आठ वाहिन्यांचा लॉजिक अ‍ॅनलायझर आणि पल्सव्ह्यू हे मोफत सॉफ्टवेअर मिळाले तर आणखी चांगले. त्यात आरसी-५ चा वाचक तयारच असतो, पण तो लावण्याआधी अंतरे स्वतः मोजून पाहावीत.

तेच काम आर्डुइनोने

ग्राहकाचे आउटपुट आर्डुइनो उनोच्या पिन २ ला द्यावे आणि दोन्ही प्रकारच्या कडांवर इंटरप्ट (चालू काम थांबवून ठरलेले फंक्शन लगेच चालवणारी सोय) लावावा. प्रत्येक कडेला मायक्रोज या फंक्शनने वेळ घ्यावी; उनोवर ती ४ मायक्रोसेकंदांच्या पावलांनी मिळते, जे भरपूर झाले. एकही बिट आलेले नसताना पातळी खाली गेली तर तो पहिल्या बिटाचा मध्य: ती वेळ लिहून ठेवावी आणि जमा संख्या १ करावी. पुढच्या प्रत्येक कडेला, लिहून ठेवलेल्या वेळेपासून १३३० मायक्रोसेकंदांहून कमी काळ गेला असेल तर काहीही न करता परतावे. १३३० आणि २२०० च्या दरम्यान असेल तर तो पुढचा मध्य: जमा संख्या दुप्पट करावी, पातळी आता खाली असेल तर तिच्यात १ मिळवावा, आणि लिहिलेली वेळ बदलावी. २२०० च्या पुढे गेले असेल तर आधीचे सर्व टाकून देऊन नव्याने सुरुवात करावी. इथे मध्यावरच्या कडेनंतरची पातळी पाहिली जाते, म्हणून खाली म्हणजे '१'. आयसींच्या जोडणीत आपण कडेच्या आधीची पातळी पाहत होतो, तिथे वर म्हणजे '१'. या फरकात पुष्कळ जण अडखळतात.

शेवटचा बिट '१' असेल तर संदेश संपताना आणखी एक चढती कड येते. ती नव्या संदेशाची सुरुवात समजली जाऊ नये म्हणूनच सुरुवातीला 'पातळी खाली गेली तर' ही अट घातली आहे. इंटरप्टमध्ये बदलणारी चले व्होलाटाइल, म्हणजे मध्येच केव्हाही बदलू शकणारी, अशी जाहीर करावीत, आणि सीरियल मॉनिटरवर छापण्याचे काम इंटरप्टच्या आत कधीही करू नये: ९६०० च्या वेगाला एकेक अक्षर सुमारे एक मिलिसेकंद घेते.

चौदा बिट जमल्यावर ५ च्या बटणाला १२२९३ हा आकडा येईल आणि पुन्हा दाबल्यावर १४३४१. एकच बटण दोन आकडे देते म्हणून प्रोग्रामात चूक शोधत बसू नये. त्यांतला २०४८ चा फरक पालट बिटाचा आहे. जमा संख्येला ६४ ने भागून उरणारी बाकी ही आज्ञा, आणि त्या भागाकाराला ३२ ने भागून उरणारी बाकी हा पत्ता.

सुरुवात दिसतच नसेल तेव्हा

आरसी-५ मध्ये शांततेमुळे पहिली कड मध्याचीच मिळाली. हजेरीसाठी वापरल्या जाणाऱ्या १२५ किलोहर्ट्झच्या ईएम४१०० कार्डांत ही सोय नाही. कार्ड वाचकापाशी असेपर्यंत आपले ६४ बिट न थांबता पुन्हा पुन्हा पाठवत राहते. त्यात सुरुवातीला नऊ '१' असतात, पण केवळ त्यांच्यावरून मध्य ठरत नाही, कारण सलग '१' चा संकेत म्हणजे समान अंतरांवरच्या कडांची माळ, आणि अर्धे बिट सरकून वाचली तर तीच माळ सलग '०' दिसते.

इथे लांब अंतर मदतीला येते. पूर्ण बिटाचे अंतर फक्त बिट बदलताना पडते आणि त्याच्या दोन्ही टोकांच्या कडा मध्यावरच्याच असतात, म्हणून पहिले लांब अंतर दिसेपर्यंत थांबावे, त्याच्या शेवटच्या कडेला मध्य मानावे आणि तिथून नेहमीची पाऊण बिटाची मोजणी सुरू करावी. नऊ '१' चा शोध त्यानंतर घ्यावा. समतेचे (पॅरिटी) बिट, म्हणजे चूक ओळखण्यासाठी घातलेले जादा बिट, अशा रीतीने पेरलेले असतात की सलग नऊ '१' संदेशात दुसरीकडे येऊच शकत नाहीत. वर केलेल्या जोडणीत ही निवड आपोआपच होते, कारण ५५५ चुकून सीमेवरच्या कडेवर सुरू झाला तरी पहिल्या लांब अंतरापाशी तो मध्यावर येतो आणि पुढे तिथेच टिकतो. या कार्डांच्या नेहमीच्या वेगाला एक बिट वाहक लहरीच्या ६४ आवर्तनांचे, म्हणजे ५१२ मायक्रोसेकंदांचे असते. त्याच्या पाऊणपटीसाठी ५५५ ला १० नॅनोफॅरडचा पॉलिएस्टर कपॅसिटर आणि ३३ किलोओहमच्या जोडीला एकसर १.८ किलोओहम लावावा.